टिटवीनं उंचावर अंडी घातली

भेस्तानला आमची गल्ली जिथं संपते तिथं एक पडकी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे थेट खाडीपर्यंत मोकळी जागा. बाभळी, गवत, भरतीचं पाणी ओसरलं की पांढरी पडणारी माती. मिलवाले चिंध्या तिथं टाकतात, कारखानेवाले रिकामे डबे तिथं टाकतात, आणि आम्ही बायका आमचा धागा तिथं टाकतो. आम्ही घरी बसून साड्यांचं धागा कटिंग करतो. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात, ते कटरनं कापायचे. टेम्पोवाला सकाळी गाठोडं टाकून जातो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जातो. साडी शेठची, कापलेला धागा आमचा. कचऱ्याची गाडी हा धागा घेत नाही, तिच्या मशीनमध्ये गुंततो म्हणे. मग काय, पिशवीत भरायचा आणि भिंतीपलीकडे भिरकावून द्यायचा. वीस वर्षं मी हेच केलं, खोटं कशाला बोलू?

माझ्या सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. उधन्याला लूमवर उभं आयुष्य गेलं त्यांचं, त्यात कान गेले. आता काम सुटलंय, पण पाय घरात ठरत नाहीत. रोज चारच्या सुमाराला त्या भिंतीपलीकडे फिरायला जायचे. एकदा वैशाखात धापा टाकत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "औंदा पानी जोरमा शे, देखजो तू!"

झालं होतं असं, की त्यांनी टिटवीची अंडी पाहिली होती. आमच्या साक्रीकडे गावात सगळे टिटवीवर नजर ठेवतात. तिनं सखल जागी अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर धो धो. आणि ही तर ढिगाच्या पार टोकावर चढून बसली होती. आबांनी मला तांदळाचे डबे, गाद्या, माझ्या पोरीची पुस्तकं, सगळं माळ्यावर चढवायला लावलं. खाडीचं पाणी एकदा घरात शिरलेलं होतं, त्यामुळे मीही मुकाट्यानं चढवलं. कंबर मोडली माझी.

दुसऱ्या दिवशी ते मला दाखवायला घेऊन गेले. चिंध्यांचा माणूसभर उंच ढीग, वरच्या खळग्यात चार अंडी. टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत नुसती किंचाळत होती, आबांना ते ऐकूच येत नव्हतं. टिटवी खरं तर सपाट जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. मी खाली पाहिलं. धागा, चिंध्या, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या. हातभर मातीसुद्धा उघडी नव्हती. अगं बाई, तिला कसला पाऊस कळतोय! खाली जागाच नव्हती म्हणून वर चढली बिचारी. आबांना सांगणार होते, पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की शब्द गिळला.

त्या ढिगांना कोणी ना कोणी आठवड्या-पंधरवड्यानं काडी लावतंच. म्हणून आबा रोज बोरी, म्हणजे रिकामं पोतं, अंथरून राखण करायला बसू लागले. ती चार अंडी फुटावीत, एवढंच त्यांना हवं होतं. एके दिवशी आमचाच टेम्पोवाला तिथं चिंध्या ओतायला आला, तर हे हात पसरून आडवे. "काका, घेर जाओ ने!" म्हणून तो वैतागला, आणि मला येऊन सांगून गेला, "भाभी, डोसाने संभाळो," म्हाताऱ्याला आवरा म्हणे. मी आबांवर आवाज चढवला, ऊन लागून मराल म्हटलं. "पिलं निंघू दे," ते म्हणाले, "मंग मी घरमाच बसस."

निघाली पिल्लं, तीन. टिटवीची पिल्लं अंड्यातून आली की त्याच दिवशी चालायला लागतात. आईनं खालून हाक दिली तशी ती काडीसारख्या पायांनी ढिगावरून उतरली, आणि खाली धागा होता.

"कटर लई ये व पोरी!" आबा भिंतीशी येऊन मला ओरडले. मी पोचले तोवर एक पिल्लू आडवं पडलेलं, पायात धागा हाडापर्यंत रुतलेला, जीव गेलेला. दुसरं तडफडत होतं. मी मांडी घालून बसले आणि धागा कापला. सुटलं, दहा पावलं पळालं, पुन्हा अडकलं. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापला तेव्हा कुठं ते आईमागं गवतात गेलं. तिसरं पुढंच पळालं होतं. जगली की नाही कोण जाणे.

आबांनी मेलेल्या पिल्लाच्या पायातला धागा सोडवून तळहातावर घेतला. "हाऊ धागा कोना शे व?"

पोपटी होता, चमकणारा. आठवडाभर माझ्या मांडीवर तोच पडत होता. मिलचा आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. पण ओरडून सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आपला शे, आबा. मना शे."

त्या दिवसापासून मी पिशवी भरली की ते माझ्या हातातून घेत आणि खाटेखाली सरकवत. खाटेखालची जागा संपली तशी धाग्यानं भरलेल्या बोऱ्या भिंतीला लागल्या, मग मोरीच्या दाराशी. भंगारवाल्याला विचारलं, तो हसला. शेठला निरोप धाडला, तर उलट निरोप आला, धागा तुमचा, तुम्ही बघा. काम सोडावं तर घर कसं चालवू? पाऊस बेताचाच झाला, पण बोऱ्या ओल धरून कुबट झाल्या, त्यात उंदीर झाले. आबा पाय पोटाशी घेऊन झोपायचे, कारण पायथ्याशीही बोरी होती. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. माझा जीव अगदी कावून गेला होता.

परवा आबा भाचीच्या लग्नाला गावी गेले. आज सकाळी टेम्पोवाला साड्या न्यायला आला. मी त्याला म्हटलं, "भैया, ये बोरियाँ भी ले जाओ." त्यानं एकेक करून सगळ्या उचलल्या, आणि विचारलं, "भाभी, क्यां नाखुं?"

मी म्हटलं, कुठंही टाक. फक्त मला सांगू नकोस.

दार लावून घेतलं. टेम्पोचा आवाज मोठ्या रस्त्याकडे गेलाच नाही, भिंतीपलीकडे जाऊन थांबला. आबा उद्या येतील. मी त्यांना सांगणार आहे, की कचऱ्याची गाडी आली होती आणि धागा घेऊन गेली.