भावोजींसाठी घेतलेली दोरी

दिल्लीत, मुनिरक्यात माझं ते चौथं वर्ष होतं. खोलीला एकच खिडकी होती आणि ती उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. भर दुपारीही ट्यूबलाइट लावूनच वाचावं लागे. खोलीत आम्ही दोघी राहायचो. दुसरी मुलगी लातूरकडची. त्या वर्षी माझी यूपीएससीची प्रिलिम्स निघाली होती, तिची नाही, त्यामुळे आम्ही एकमेकींशी जरा जपूनच बोलत होतो. ऑगस्ट सुरू झाला होता, मेन्स दीड महिन्यावर होती, आणि अशात एका दुपारी भावोजींचा फोन आला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही कराडकडचे, समुद्राशी आमचा काही संबंध नाही. ताईला शिक्षिकेची नोकरी लागली ती मालवणच्या वरच्या अंगाला, किनाऱ्यावरच्या एका गावात, आणि तिथल्याच मासे मारणाऱ्या माणसाशी तिनं लग्न केलं. आमच्या घरानं दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला. पुढे बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलपासून दहाव्यापर्यंत सगळं निभावलं ते या भावोजींनीच. माणूस कमी बोलणारा. मला दिल्लीला पाठवावं की नाही यावर आई आणि मामा वाद घालत होते, तेव्हा "जाऊ दे तिला, तिला डोकं आहे," एवढंच ते बोलले आणि वाद तिथं संपला.

त्यांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

"अभ्यासात आहेस?"

"बोला ना भावोजी."

"एक काम होतं. दिल्लीत चांगली दोरी मिळते का बघशील? ट्रोलिंगची."

त्यांची फायबरची छोटी होडी होती, मागे इंजिन लावलेली. पावसाळ्याची बंदी उठली की ते आणि त्यांचा चुलतभाऊ सुरमईसाठी लांब बाहेर जायचे. होडी हळू चालू ठेवायची, मागे दोन लांब दोऱ्या सोडायच्या, टोकाला चमकणारा खोटा मासा. याला ते ट्रोलिंग म्हणत. गावात तंगूस मिळायचा, नायलॉनचा एकेरी धागा, पण तो उन्हानं लवकर कडक व्हायचा. आदल्या वर्षी ऑनलाइन मागवलेला तर बनावट निघाला, दुसऱ्या झटक्यालाच तुटला. म्हणून या वेळी कुणीतरी डोळ्यांनी बघून, हातात धरून घ्यावा असं त्यांना वाटत होतं. मुंबईत त्यांचं कुणी नव्हतं. दिल्लीत मी होते.

"जाड बघ," ते म्हणाले. "दीडशे पौंडांच्या वर ओढ झेलणारा. घाई नाही, पण सुरमईचा मोसम सुरू व्हायच्या आत हवा."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर चिडले. खरं सांगायचं तर तेव्हा मला कुणाचंही काहीही मागणं नको होतं. पण संध्याकाळी जेवल्यावर सहज म्हणून मोबाइलवर बघायला लागले आणि त्यात गुंतले. कित्येक महिन्यांनी समोर असा प्रश्न आला होता ज्याला उत्तर होतं. मी वहीत तीन रकाने पाडले. एका धाग्याचा तंगूस. पाण्यात न दिसणारा, महागडा. आणि बारीक तंतू विणून केलेली, जिला ब्रेडेड म्हणतात ती. ताकद, जाडी, ताण, ऊन. विणलेली दोरी सगळ्यात उजवी ठरत होती. तेवढ्याच जाडीत तिची ताकद कितीतरी जास्त, पाण्यात ओढ कमी, आणि ती ताणली जात नाही. ती ताणली जात नाही याला मी गुणांच्या बाजूला लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दोन दिवसांनी भावोजींचा पुन्हा फोन आला. मी टेस्ट सीरिजचा पेपर सोडवत होते. "नंतर करते," म्हणून कापला. त्या आठवड्यात आणखी एकदा आला. तेव्हा मी मेसच्या रांगेत होते, तोही घेतला नाही. ताईला मेसेज टाकला, काम होतंय म्हणून सांग.

दुकान जुन्या दिल्लीत होतं, जाळी आणि गळ विकणाऱ्यांच्या एका अरुंद गल्लीत. मेट्रोतून उतरून घामाघूम होत मी तिथं पोचले. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मला बघून त्यानं आधी विचारलं, "मॅडम, ॲक्वेरियम के लिए?"

मी त्याला सगळं सांगितलं. समुद्र, ट्रोलिंग, सुरमई. त्यानं दोन रिळं काढून समोर ठेवली. एक जाड, दुधी रंगाच्या तंगूसाचं. दुसरं हिरव्या, विणलेल्या दोरीचं, ती शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड असेल.

"हाथ से खींचते हैं या रॉड-रील पे?"

मला माहीत नव्हतं. मी पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंत गोरी माणसं मोठमोठी रिळं लावलेल्या काठ्या घेऊन उभी होती. ताईच्या घरी मी दोनदाच गेले होते, आणि होडीत पाय ठेवताच मला मळमळायला लागलं म्हणून बाहेर कधी गेलेच नव्हते. फोन हातात होता. भावोजींना एकच फोन करायचा होता.

"रील पे," मी म्हणाले.

"फिर ये ले जाइए. बढ़िया चीज़ है."

म्हणजे माझी वही बरोबर होती. परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. पार्सल करताना आत एक चिठ्ठी घातली: "भावोजी, दिसायला बारीक आहे, पण दीडशेपेक्षा जास्त ताकदीची आहे. तंगूसापेक्षा खूप चांगली. तुटणार नाही." खाली माझी सही केली, जशी उत्तरपत्रिकेवर करतात तशी पूर्ण.

पोचल्यावर ताईचा मेसेज आला, "मिळाली. ते म्हणतात, विचार करूनच घेतली असेल."

सप्टेंबरात मेन्स झाली. त्या पूर्ण महिन्यात ताई नेहमीसारखी एक दिवसाआड फोन करायची. पेपर कसा गेला, जेवलीस का, झोप झाली का. भावोजी कुठे आहेत विचारलं तर, "बाहेर गेलेत," म्हणायची. मला वाटायचं, समुद्रावर. मोसम होता.

दिवाळीला ताईकडे जायला मी कणकवलीला उतरले. स्टेशनवर ताई एकटीच आली होती. रिक्षात बसल्यावर थोडा वेळ ती बाहेरच बघत राहिली. मग म्हणाली, "एक सांगायचंय. घरी गेल्यावर रडारड करायची नाही."

"आईला काही झालं?"

"आई बरी आहे. यांच्या हाताला लागलंय. सप्टेंबरात."

भावोजींना दोरी हातानंच ओढायची सवय. त्यांच्या होडीवर काठी नव्हती, रीळ नव्हतं, कधीच नव्हतं. दोरीचं टोक मागे एका रबराला बांधलेलं असायचं, मासा लागला की रबर ताणलं जायचं आणि मग ते हातानं ओढून घ्यायचे. त्या दिवशी लागलेला मासा मोठा होता. ओढताना हिरव्या दोरीचा एक वेढा त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांभोवती बसला आणि त्याच क्षणी मासा खाली गेला. चुलतभावानं सुरी काढून दोरी कापेपर्यंत ती आत रुतली होती. किनारा तीन तासांवर. तर्जनी वाचली नाही. मधलं बोट राहिलं, पण ते वळत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझे पेपर बारा दिवसांवर होते. त्यांनीच शपथ घातली होती."

म्हणजे मी निबंध लिहीत होते तेव्हा ते सावंतवाडीच्या हॉस्पिटलात होते, आणि ताई तिथल्या जिन्यात उभी राहून मला विचारत होती, जेवलीस का.

घरी भावोजी ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. डावा हात त्यांनी टॉवेलखाली घेतला होता.

"पेपर कसे गेले?"

मी खाली बसले आणि म्हणाले, "भावोजी, माझी चूक झाली."

"दोरीचा काय दोष? वेढा मी बसू दिला."

"तुम्ही जाड सांगितली होती."

"सांगितली होती," ते म्हणाले. मग ते मला समजावू लागले, अगदी शांतपणे, ताई वर्गात शिकवते तसं. तंगूस जाड असतो, हातात बसतो. तो थोडा ताणला जातो. मासा पळाला की तेवढ्या ताणात माणसाला एखादा क्षण मिळतो, हात सोडवून घेता येतो. ही ताणली जात नाही. आणि बारीक असल्यानं ती सुरीसारखी चालते. "रिळावर असती तर चांगलीच होती," ते म्हणाले. "मी तेच सांगायला फोन केला होता, की आपलं हाताचं काम आहे. म्हटलं, दुकानदार विचारील."

दुकानदारानं विचारलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं. ते रागावले नाहीत. बोलली ती ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात, चकल्या तळताना, माझ्याकडे न बघता.

"एक फोन करायला किती वेळ लागतो गं?"

तिनं झारा निथळला, चकल्या कागदावर काढल्या आणि मला म्हणाली, "डबा दे तो."

डिसेंबरात निकाल लागला. माझा नंबर यादीत नव्हता. लातूरची मुलगी त्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसली, "जाऊ दे गं," म्हणाली, आणि मला तिचा आधार वाटला. पण मी रडत होते ते निकालासाठी नाही, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. बाहेर हवा इतकी खराब होती की दुपारी चारलाच अंधारल्यासारखं वाटत होतं. त्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानात गेले. म्हाताऱ्याला मी आठवत नव्हते. मी दुधी रंगाचा जाड तंगूस मागितला, बोटांत धरून ताणून पाहिला. तो खरंच थोडा लांबला आणि परत आला.

जानेवारीत तो घेऊन गेले. भावोजींनी उजव्या हाताच्या चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, नखानं ओरखडून बघितला. "हा बरोबर आहे," म्हणाले. मग त्यांनी तो चुलतभावाला दिला, कारण होडी तोपर्यंत त्याच्याकडे गेली होती. भावोजी दोन-तीनदा त्याच्याबरोबर बाहेर जाऊन आले होते. नुसतं सुकाणू धरून बसायचं आणि दुसऱ्यानं ओढताना बघायचं, ते त्यांना जमलं नाही. आता ते जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात आहेत, नोंदी ठेवायला. थंडीनं ते राहिलेलं बोट दुखतं, असं ताईकडून कळतं. ते स्वतः सांगत नाहीत.

मी पुन्हा परीक्षेला बसले नाही. गुरुग्रामला एका कंपनीत स्पर्धा परीक्षांचे प्रश्न तयार करायचं काम मिळालं. चार पर्याय द्यायचे, त्यातला एक बरोबर. ऑफिस बाराव्या मजल्यावर आहे. माझ्या टेबलावरून समोरची सोसायटी आणि तिच्या मागची दुसरी सोसायटी दिसते, आणि थंडीत तीही दिसत नाही. सहकारी चांगले आहेत. घरी जाणं मात्र कमी झालं. सुट्टी मिळत नाही असं मी सांगते, आणि ताई कधी खोदून विचारत नाही.

तिचा फोन येतो, पूर्वी एक दिवसाआड यायचा तो आता रविवारी. भाचीची शाळा, आईचं बीपी, गावातला नवा रस्ता. आमच्यात भांडण झालेलं नाही. कधी झालंच नाही. भांडण झालं असतं तर ते मिटवताही आलं असतं, असं मला अलीकडे वाटतं. फोन ठेवायच्या आधी मी विचारते, "भावोजी आहेत का?" कधी ती त्यांना देते. ते विचारतात, "बरी आहेस ना?" मी म्हणते, "हो. तुम्ही?" ते म्हणतात, "चाललंय." मागे घराजवळच्या जेटीवरचा कसलातरी आवाज येत असतो, पेट्या ओढल्याचा, कुणीतरी हाक मारल्याचा. "बरं, हिला देतो," म्हणतात आणि फोन ताईकडे देतात.