पलंगावरची आंघोळ

पनवेलच्या आसपास एकामागून एक इस्पितळं उघडत होती आणि रुग्णांचं करायला शिकलेली माणसं मिळत नव्हती. म्हणून रुग्णसहायकाचा कोर्स करणाऱ्यांची फी सरकार भरू लागलं. अशा एका प्रशिक्षण केंद्राची व्यवस्था माझ्याकडे होती: प्रवेश, हजेरी, बादल्या, टॉवेल, सगळंच. सरकारची अट साधी होती. एका माणसाची फी एकदाच. कोर्स मध्येच सोडला तर पुन्हा अनुदान नाही.

त्या तुकडीत गव्हाणहून येणारी एका कोळ्याच्या घरची सून होती. हात हलका, डोकं जागेवर, आणि बोलणं असं की विव्हळणाऱ्यालाही गप्पा माराव्याशा वाटाव्यात. स्वतःच्या पैशाने शिकणं तिला शक्यच नव्हतं. एका सकाळी ती रडवेली होऊन आली.

"मॅडम, आज आई येनार हाय. मला घरी न्यायला."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. उरण नाक्यावर मासळी विकायच्या. मी मुद्दे तयार ठेवले: फी सरकारची, नोकरी कळंबोलीतच मिळण्यासारखी, आणि आता सोडलं तर हे दार बंद. सासूबाई आल्या आणि त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही.

"बाई, माझी सून परक्या बाप्यांना आंघोल घालायला शिकते. गावात लोक हसतान. नको आमाला."

"आधी बसा तरी."

खुर्च्यांवर टॉवेलांच्या घड्या होत्या. रिकामा होता तो फक्त सरावाचा पलंग. त्या टेकल्या, आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या त्या बाईची पाठ आपोआप उशीकडे गेली. ते पाहून मला सुचलं.

"ती काय शिकते ते बघा, मग न्या तिला. तुमचेच हात-पाय पुसेल."

"माझं? बघू तर!"

सुनेनं चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. पाणी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं. मग शिकवल्याबरहुकूम पुस्तकी आवाजात म्हणाली, "आजी, मी आता तुमचा उजवा हात पुसणार आहे. चालेल का?"

"आजी कोन गो? आन घरात कधी इचारलंस मला, चालेल का म्हनून?"

अख्खा वर्ग हसला. सून हसली नाही. उत्तराची वाट पाहत थांबली. शेवटी सासूबाईंना "चालेल" म्हणावंच लागलं.

एक हात चादरीबाहेर आला, पुसला, कोरडा झाला, पुन्हा आत गेला. मग दुसरा. बोटांवर कोयत्याच्या जुन्या खुणा होत्या, तिथे ती सावकाश फिरली. सासूबाई मान उचलून उचलून तपासत होत्या. अंग कुठेही उघडं पडत नव्हतं.

"चादर निघतच नाय?"

"नाय, आई."

"बाप्याची?"

"त्याची पन नाय. आधी इचारायचं, मग जेवढं पुसायचं तेवढंच बाहेर."

त्यांनी मान पुन्हा उशीवर टेकली. मग छताकडे बघत म्हणाल्या, "आमचा म्हातारा आजारी होता ना, तवा आमी त्याला अंगनात बसवून सगल्यांदेखत पानी ओतायचो. तो डोलं मिटून घ्यायचा."

सुनेचा हात थांबला.

"थांबलीस का? पाय राह्यले," सासूबाई म्हणाल्या.

पाय पुसून झाले. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "ही येईल संध्याकाली तिची ती. गावात कोन हसला तर मी बघते."

सुनेनं कोर्स पुरा केला आणि कळंबोलीच्या एका इस्पितळात ती कामाला लागली. पुढच्या तुकडीच्या वेळी सासूबाई पुन्हा आल्या. सोबत शेजारची सून होती, आणि मागे कपाळाला आठ्या घातलेली त्या सुनेची सासू. त्या बाईनं तोंड उघडायच्या आत आमच्या सासूबाईंनी पलंगाकडे बोट दाखवलं.

"तू आधी आडवी हो. मग बोल."