म्हाराजाबाय

आमच्या वकील बाय कॉम्प्युटरसमोर गाऱ्हाणं घालायच्या. थट्टा करत नाही. ई-फायलिंगमध्ये नवं प्रकरण भरून झालं की शेवटचं बटण दाबण्यापूर्वी त्या चपला काढून उभ्या राहत आणि पडद्यावरचा एकेक रकाना मोठ्यानं वाचत. अर्जदार, गोवा राज्य, मार्फत विशेष सरकारी वकील. मग थांबत. देवळात गाऱ्हाण्याला गावकरी होकार देतात, तसा तो मी द्यायचा: ‘व्हय म्हाराजा!’ दिला नाही तर पुढचा रकाना नाही. डिचोलीत सगळे वकील त्यांना मागून म्हाराजाबाय म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मी धारगळचा म्हादू. अठरा वर्षं कोर्टाबाहेर टायपिंग केलं, मग ई-फायलिंग आलं तेव्हा बायनी मला आपल्या ऑफिसात घेतलं. पहिल्या दिवशी हा वाचनाचा प्रकार बघून मला हसू फुटलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हादू, डोळे फसतत, कान फसणत नाय. आणि ह्या यंत्राक दयामाया नाय. एकदा गिळल्यान काय परत ओकूचा नाय.” हे शेवटचं वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. ऐकून ऐकून कानाला त्याची सवय झाली, आणि सवय झालेलं वाक्य ऐकू येत नाही.

बायना नेमलं होतं ते मास्तरांच्या खटल्यात. मोप्याच्या पठाराखाली डोंगर कापून माती नेणाऱ्या एका ठेकेदाराची वाट या निवृत्त मास्तरांनी अडवली होती, आणि एका सकाळी त्याच्याच टिपरखाली ते गेले. ठेकेदार जामिनावर बाहेर होता. हायवेला केळी, तवशी विकणारी आमच्या गावची शेवंतीमावशी एक दिवस ऑफिसात आली आणि खुर्चीवर न बसताच बोलली. तिच्या मांडवासमोर गाडी थांबवून ठेकेदार ड्रायव्हरला सांगत होता: जो साक्ष देईल, त्यालाही मास्तरांच्या वाटेनं धाडा.

बायनी जामीन रद्द करण्याचा नवा अर्ज तयार केला. मावशीचं नाव कुठंही येता कामा नये, ते बंद लिफाफ्यातून फक्त न्यायाधीशांच्या हाती जाईल, अर्जात ती नुसती ‘साक्षीदार १’, असं मला दोनदा बजावलं. मी तसंच भरलं. पण पत्त्याच्या रकान्याला लाल खूण होती, तो रिकामा ठेवून यंत्र पुढे जाऊ देईना. आमच्या गावात घराचा नंबर कोण लिहितो? अठरा वर्षं लोकांचे अर्ज टाइप करताना जसे पत्ते लिहिले, तसं हातानं लिहून टाकलं: धारगळ, राखणदाराच्या वडाकडे. नंबर नाही, नाव नाही, म्हणजे तो मला पत्ता वाटलाच नाही.

बाय वाचायला उभ्या राहिल्या आणि मधेच यंत्रानं आम्हाला बाहेर काढलं. वेळ संपली म्हणे. परत आत गेलो, परत बाहेर. तिसऱ्यांदा आत गेलो तोच कोणाचा तरी फोन आला म्हणून त्या पडवीत गेल्या, आणि मी वैतागलो. सही झालेली, ओटीपी आलेला, आता कसलं गाऱ्हाणं! दाबलं बटण.

बाय आत आल्या. “दाबलंस?”

“दाबलं.”

त्यांनी प्रिंट काढायला लावली, चपला काढल्या आणि कागदावरून वाचायला लागल्या. मी व्हय म्हाराजा म्हणत गेलो. पत्त्यापाशी त्या थांबल्या, आणि माझ्या तोंडून होकार निघेना. राखणदार म्हणजे आमच्या गावाची राखण करणारा देव, आणि त्याच्या वडाकडे घर एकच आहे, मावशीचं. एव्हाना अर्जाची प्रत समोरच्या वकिलाकडे पोचली होती.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तशाच गाडीत बसल्या, मावशीला उचललं आणि सिंधुदुर्गात तिच्या बहिणीकडे पोचवून आल्या. मावशीचं एकच चाललं होतं, कोंबड्या कोण बघणार. मी म्हटलं, मी बघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कोंबड्यांना दाणे घालायला गेलो, तर वडाखाली एक पिवळा टिपर उभा. नंबरप्लेट चिखलानं माखलेली, इंजिन चालू. आत कोण होतं ते दिसलं नाही. 

बायना सांगितलं. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज करायला लावला आणि पत्ता स्वतः सांगितला: साक्षीदार १, मार्फत वकील, आणि पुढे मुळगावातलं त्यांचं स्वतःचं घर. मी टाइप करायला तयार होईना. “लिही,” त्या म्हणाल्या. “त्यांका खंयतरी जावचाच आसा. माझ्याकडे येवंदेत.” मग उभ्या राहून सगळं वाचलं, आणि मी रडत होकार दिला.

टिपर धारगळहून गेला. मुळगावात बायच्या फाटकासमोर दिसू लागला. त्या रोज त्याच्या बाजूनं चालत पाव आणायला जात. पोलिसांना पत्र लिहिलं, पोच आली. मावशीची साक्ष झाली, जामीन रद्द झाला, ठेकेदार आत गेला. मावशी परत येऊन कोंबड्या मोजायला बसली. आम्हाला वाटलं, संपलं.

त्या सकाळी मी फाइल घेऊन मुळगावला गेलो होतो. बाय पावाची पिशवी घेऊन उतारावरून येत होत्या. मला बघून त्यांनी हात वर केला. टिपर मागून आला, हॉर्न नाही, ब्रेक नाही. ड्रायव्हरचा चेहरा मी पाहिला. आजही चित्र काढून देईन.

काल नवीन विशेष वकिलांनी बायच्या खुनाचं नवं प्रकरण भरायला घेतलं. पाहणारा मी एकटाच. ते म्हणाले, तुमचं नाव लिफाफ्यात घालू, तुम्ही साक्षीदार १. माणूस भला आहे, पण परका. मी त्यांना सांगितलं, साहेब, इथं नाव लपवलं तर ठेकेदाराची माणसं पहिल्यांदा वडाकडेच, मावशीच्या दारात जातील. त्यांना साक्षीदार १ म्हटलं की एकच घर माहीत आहे, आणि ते माझ्यामुळेच माहीत झालं.

त्या लाल खुणेच्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव आणि पत्ता भरला. धारगळ, शाळेच्या मागे, जांभळाकडचं घर. मग चपला काढल्या, उभा राहिलो आणि पहिल्यापासून वाचलं. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. यंत्रानं बाहेर काढलं, परत आत गेलो, परत पहिल्यापासून वाचलं. होकार द्यायला कोणी नव्हतं. पत्त्यापाशी आलो तेव्हा मीच म्हटलं, व्हय म्हाराजा, आणि बटण दाबलं.