शोभाच्या गाडीतला वारा

बीडच्या बसस्थानकातून बाहेर आले तेव्हा सकाळीच ऊन चटकायला लागलं होतं. माझी मावसबहीण शोभा तिच्या जुन्या पांढऱ्या गाडीला टेकून उभी होती. गाडीत बसले तर आत थेट महाबळेश्वर. एसी तर छान चालतोय की, मी म्हटलं.

"आज तू आलीस ना ताई," ती म्हणाली. "पाव्हण्यांसमोर लई गुणी वागतो त्यो."

शोभा केज तालुक्यातल्या युसूफ वडगावची. तिच्या शेतात तुती आहे आणि शेडमध्ये रेशीमकिडे. त्यांची चॉकी (दोनदा कात टाकलेल्या चिमुकल्या अळ्या) ती पालीजवळच्या केंद्रातून आणते; आजही वाटेत ती घ्यायची होती. या अळ्यांना उष्मा सोसत नाही, म्हणून तर जुनी का होईना, एसीची गाडी तिनं हट्टानं घ्यायला लावली. पण एसी लहरी निघाला. मध्येच बंद पडतो, मध्येच आपण होऊन सुरू होतो. गेल्या खेपेला वाटेत रुसला आणि घरी पोचेस्तोवर बहुतेक अळ्या मलूल झाल्या. त्यांनी पाल्याला तोंडच लावलं नाही. बीडच्या रफिकभाई मिस्त्रींनी दोनदा गाडी तपासली, गॅस भरला, लांबवर चालवून पाहिली. दोष काही सापडेना. शेवटी शोभाचे यजमान दत्तराव म्हणाले, ही बॅचही गेली तर गाडी विकू, तुती उपटू आणि पुन्हा कापूस लावू. माणूस वाईट नाही, थकलाय, असं शोभाच मला समजावत होती. पण तुतीचं एकेक बेणं आपण हातानं लावलंय, हे सांगताना तिचा आवाज खाली गेला.

पालीच्या अलीकडे बिंदुसरेचं धरण दिसलं. पाणी बरंच आत सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात बगळे निवांत फिरत होते. मला तिथे थांबून चहा घ्यायचा होता, पण शोभाचं लक्ष घड्याळाकडे. केंद्रावर पोचल्यावर पहिली फजिती माझीच झाली. मी प्रवासाला निघताना मोगऱ्याची पावडर लावली होती आणि अळ्यांना वास चालत नाही. मला नळावर नेऊन मान-हात धुवायला लावलं, चपला बाहेर काढायला लावल्या. मी मुकाट्यानं धुतलं. इतकं करूनही अळ्या अजून 'उठल्या' नव्हत्या. कात टाकताना त्या मान वर करून निश्चल बसतात आणि सगळ्या उठल्याशिवाय त्यांना हलवायचं नाही, असा इथला शिरस्ता. त्यामुळे गारव्यात निघायचं ठरलेलं असूनही आम्ही ऐन दुपारी निघालो.

मागची सीट काढून तिथे ट्रे रचले होते. त्यांच्या भोवती ओलं गोणपाट, कारण अळ्यांना हवेत ओल लागते. शोभानं एसीचं बटण पार थंडीकडे फिरवलं आणि पंखा मात्र एकवर ठेवला. काचा बंद. शेडमधला तापमापक तिनं ट्रेजवळ टांगला होता आणि आरशातून ती रस्ता कमी, तोच जास्त बघत होती. मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत सगळं सुरळीत होतं. नेकनूरच्या अलीकडे माझ्या गळ्यावर घामाची धार आली. एसीचा दिवा लागलेला, पंख्याचा आवाज चालू आणि वारा गायब.

"आलं बघ," शोभा एवढंच बोलली.

कडेच्या लिंबाखाली गाडी लावली. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरून झळा. शोभानं बॉनेट उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, बंद केलं.  ती अळ्यांकडे बघेना आणि माझ्याकडेही बघेना. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं आणि त्या एसीचा भयंकर राग आला. थोड्या वेळानं खाली पाहिलं तर गाडीखाली पाण्याचं थारोळं. मला वाटलं रेडिएटर फुटला. बोट लावलं तर पाणी बर्फासारखं गार.

गाडी सुरू केली आणि एसी शहाण्या मुलासारखा चालू. पुढे निघालो. मी मात्र या खेपेला एसीचा वारा येतो त्या झडपेवरून हात काढला नाही. काही मैल गेल्यावर वारा हळूहळू बारीक व्हायला लागला. थंडावा गेला नव्हता. उलट जी काही झुळूक येत होती ती दातात कळ आणणारी होती. मी शोभाला म्हटलं, गार होतंय गं, पण वाराच बाहेर येत नाही.

शोभानं करकचून ब्रेक लावला. 

"माझ्या जुन्या फ्रीजला असंच व्हतंय," ती म्हणाली. "जाळीवर बर्फ चढला की गार हवा खाली येतच न्हाई."

तिनं रफिकभाईंना फोन लावून आवाज मोठा केला. त्यांनी विचारलं, पंखा कितीवर ठेवता?

"एकवर."

"एकवर कावून (का), ताई?"

"आळ्यांना वारा लागू न्हाई म्हणून."

मग गाडीत ओलं काय आहे, हे त्यांनी विचारलं. तिनं गोणपाटाचं सांगितलं. 

"तुमी हे आदी कावून सांगितलं न्हाई? माझ्याकडं गाडी येती ती रिकामी येती, कोरडी येती. आन् मी पंखा चारवर ठेवून तपासतो."

त्यांनी सांगितलं ते असं: बर्फ धरण्याआधी एसीला थांबवणारा सेन्सर म्हातारा झालेला, त्यात गाडीभर ओल आणि पंखा मंद. जाळीवर ओल गोठून वारा अडतो. गाडी उभी राहिली की बर्फ वितळतो आणि दोष पाण्यातून निघून जातो. सेन्सर ते बदलतील. तोवर पंखा तीनवर, थंडी मध्यावर आणि अधूनमधून एसी जरा बंद. अळ्यांना वारा लागू द्यायचा नसेल तर झडपांची तोंडं काचेकडे.

गोणपाट घट्ट पिळलं. मी माझी ओढणी दोन सीटांमध्ये पडद्यासारखी धरून बसले. केज गेलं, वडगावचा फाटा आला. खांदे भरून आले, पण हात खाली घेतले नाहीत.

दत्तराव दारातच होते. त्यांनी ट्रे उतरवून घेतले. शोभानं कोवळा पाला बारीक कापून अळ्यांवर पसरला आणि आम्ही तिघं उभे राहिलो. बराच वेळ काही हललं नाही. मी मनातल्या मनात देव आठवले. मग एका पानाच्या कडेला काळपट दाण्यासारखं डोकं वर आलं, मग दुसरं, मग कडाच कडा हलायला लागल्या. शोभा मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दत्तरावांनी कोपऱ्यातला विळा घेतला आणि संध्याकाळचा पाला आणायला तुतीत गेले.

दोन दिवस भाकरी आणि शेंगदाण्याच्या आमटीवर मी मनसोक्त राहिले. परतताना वाटत राहिलं, गाडी दोनदा तपासली गेली, पण त्या गाडीत शोभा काय काम करते हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही कुठे विचारलं होतं?

बसला सोडायला दत्तराव आले. गाडी रिकामी, मागे ट्रे नाहीत, गोणपाट नाही, तरी सगळ्या झडपा काचेकडे वळलेल्या. उकडत होतं म्हणून मी एक माझ्याकडे फिरवायला गेले.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "शोभानं लावून ठिवलंय."