फुकटच्या गाडीचा रविवार

‘रविवार, १४ ऑक्टोबर १८८८. ऊन स्वच्छ. चर्चमधली मिस्सा लवकर उरकली. फेर्मिनबरोबर जमिनीच्या लिलावाला गेले. गाडी फुकट, बँड, पताका. सातुर्निना भेटली.’

बेनिताने एवढंच लिहिलं. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं.

ब्वेनोस आयरेसच्या भिंतीभिंतीवर रेल्वे कंपनीची जाहिरात होती : कोंदट खोल्या सोडा, मुलांना मोकळी हवा द्या, घर बांधाल तर वर्षभराचा पास आमच्याकडून. दर रविवारी नव्या स्टेशनावर लिलाव. लिलाव पुकारणारे मालक डॉन एवारिस्तो. आणि फेर्मिन त्यांचा भाव चढवणारा माणूस. घ्यायचं काही नाही, नुसती बोली वाढवायची आणि खऱ्या गिऱ्हाइकाचा दम संपायच्या आत गप्प व्हायचं. बायको बरोबर असली की माणूस घरंदाज दिसतो, म्हणून बेनिता खिडकीशी बसून हवेची तारीफ करी. त्यावरच त्यांची चूल पेटत होती.

आज समोरच्या बाकावर कॉन्व्हेंटातली मैत्रीण सातुर्निना होती, मांडीवर खोकणारा मुलगा. तिच्या अख्ख्या चाळीत एकच नळ, भिंतींना ओल. ओढ्याकाठचा कोपऱ्यातला तुकडाच तिला हवा होता. नकाशात तिथे झाडं काढली होती.

ती झाडं बेनिताने ऑगस्टात पाहिली होती. खोडांवर कमरेएवढी चिखलाची रेघ होती.

गाडीत सांगावं, तर डॉन एवारिस्तो डब्याडब्यातून हात मिळवत फिरत होते. फुकटच्या जेवणासाठी मांस भाजत होतं तिथे सांगावं, तर ते स्वतःच सातुर्निनाला ताट वाढत होते. नंतर बोली सुरू झाली.

सातुर्निनाने हात वर केला. फेर्मिनने चढवली. तिने पुन्हा हात वर केला. डॉन एवारिस्तोंनी मिशीवरून बोट फिरवलं. म्हणजे आता पुरे.

बेनिताने नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं. “थांबू नकोस.”

“वेडी झालीस का? तुकडा आपल्या गळ्यात पडेल.”

“पडू दे. तिथे पाणी भरतं, फेर्मिन. लेकरू आहे तिचं.”

फेर्मिनने एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा त्या खोकणाऱ्या पोराकडे. मग टोपी उंच धरली. सातुर्निनाचा हात अर्ध्यातच खाली आला. हातोडा पडला. टाळ्या वाजवणारे वाजवत राहिले.

लिलावाच्या तंबूमागे डॉन एवारिस्तो आवाज न चढवता फेर्मिनला म्हणाले, “खोट्या बोलीचा तुकडा मी पुढच्या रविवारी पुन्हा काढीन. तुझं तोंड मात्र दिसता कामा नये.”

परतीच्या गाडीत बेनिता मैत्रिणीशेजारी जाऊन बसली, तिने ओढ्याचं, चिखलाच्या रेघेचं सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी तरी येऊ नकोस म्हणून हात जोडले.

सातुर्निनाने पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. “पाणी भरतं, म्हणून तुझ्या नवऱ्याने घेतला होय? कॉन्व्हेंटातल्या मदर म्हणायच्याच, बेनिता खोटं बोलताना डोळ्याला डोळा भिडवते.”

आणि ती उठून पलीकडच्या डब्यात गेली. फेर्मिन खिशातली उरलेली नाणी मोजत बसला होता.

दिवा लावून बेनिताने रोजनिशी पुन्हा उघडली, खाली एक ओळ घातली : ‘पाव शिळा होता, दुधात भिजवून खाल्ला.’