गुरुवारचे पेपर

आज नर्सिंग कॉलेजात मुलींना घरभेटीची बॅग कशी वापरायची ते शिकवताना जमिनीवर पेपर अंथरला. शाईचा वास आला आणि मी थेट बाळापूरजवळच्या खेड्यात, इंदूकाकूंच्या ओसरीवर पोचले.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी अभ्यासासाठी ते घर मला दत्तक दिलं होतं. कपाशी बुडालेलं साल होतं. काकूंचा मुलगा आणि सून कामाला सुरतेला गेलेले. दर गुरुवारी मी पेपर अंथरून त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायची, बीपी मोजायची. मोजून झालं तरी काकू हात मागे घेत नसत.

शेवटच्या गुरुवारी, आता मी येणार नाही, हे खरं सांगायची हिंमत झाली नाही. भित्री मेली! "पुढच्या गुरुवारी येते," म्हणून निघाले.

वर्षभरानं नोकरीच्या गडबडीत त्या वाटेनं जाताना डोकावले. ओसरीच्या कोपऱ्यात पेपरांची चळत होती.

"हे काय, काकू?"

"तुह्या बॅगेखाली टाकाले. दर गुरुवारी दुकानातून मांगून आणतो."

काकूंनी वरचा पेपर उचलला, माझ्यासमोर नीट अंथरला आणि हात पुढे केला.

माझ्याजवळ बॅग नव्हती.