रज्जाकभाईचा कान

इंजिन उघडून परत बसवलं की एखादा नटबोल्ट उरतोच. गिऱ्हाइकानं बघायच्या आत तो खिशात टाकायचा, ही आमची जुनी रीत! किश्श्यांचंही तसंच. गाडी गावाला निघून जाते, किस्सा आमच्यापाशी उरतो. गंगाखेडच्या ह्या गॅरेजात जन्म गेला, आता खिसे भरून सांडायलेत. गुडघे गेले, ऊन सोसत न्हाई, खाली पडलेलं वाकून उचलवत न्हाई. म्हणून बसल्या बसल्या मीच सांडतो.

शाळेत मी चौथीपर्यंत. गॅरेजात माझं काम दोनच: नट ढिले करणं आन माणसं ढिली करणं! खरा मिस्त्री रज्जाकभाई. त्याचा हातखंडा टायमिंग चेनचा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला सायकलीसारखी एक चेन असते. ती खालचा क्रँक आन वरचा कॅमशाफ्ट एका तालात फिरवते. ताल चुकला की पिस्टन जाऊन वाल्ववर आदळतो, आन इंजिन भंगारात. म्हणून आवाज वेळेवर ओळखावा लागतो. रज्जाकभाई लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आन डोळे मिटायचा. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. फरक एवढाच, रज्जाकभाई मागच्या वेळची फाईल मागायचा न्हाई!

*

राणीसावरगावच्या एका गुरुजींची कार. सकाळी चालू केली की खळखळ, जरा वेळानं गप. गुरुजींना वाटलं, आरशाला बांधलेले घुंगरू वाजायलेत. घुंगरू काढले. मग डॅशबोर्डवरचा गणपती काढला. मग मागची छत्री, मग जेवणाचा डबा. शेवटी बायकोला खाली उतरवून बघितलं. तरी खळखळ हायच!

रज्जाकभाईनं पेचकस लावला आन हसला. चेनला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गुरुजींचं तेल पार डांबर झालं होतं. सकाळी टेन्शनरला उठायलाच वेळ लागायचा, तोवर चेन मोकाट.

"गुरुजी," रज्जाकभाई म्हणला, "देवाला उतरवलं, वहिनींना उतरवलं. आता तेवढं तेल उतरवू द्या!"

वहिनी मागंच उभ्या होत्या. त्या दिवशी कार त्यांनी नेली, गुरुजी एष्टीनं गेले!

*

चेन काढायच्या आधी गिअरच्या दात्यावर खूण करावी लागते, म्हणजे परत बसवताना चुकत न्हाई. मोठ्या शहरात रंग लावत असतील. आमच्याकडं चुना! तो पण माझ्या तंबाखूच्या डबीतला.

ऊसतोडीच्या टोळीचा एक मुकादम हाय, श्रीरंग. जीप उघडून ठेवलेली, आमी चहाला बसलो होतो. मुकादम बसून बसून कंटाळला. तंबाखू काढली, तर डबीत चुना न्हाई. इकडं बघतो तर कॅमच्या गिअरवर चांगला पांढराशुभ्र ठिपका! गड्यानं नखानं खरवडला, तळहातावर मळला, दाढंत धरला.

रज्जाकभाई चेन बसवायला वाकला. "किसन्या, खूण कुठाय?"

मी मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं पच्चकन पिंक टाकली.

"ती बघ," मी म्हणलो, "नालीत चालली!"

*

आता माझा एक जुना धंदा सांगतो. एखाद्यानं नवी कार घेऊन लय मिजास केली, की मी गुपचूप त्याच्या चाकाची टोपी काढून आत चार खडे टाकायचो. गाडी पळाली की खडखड, थांबली की गप. मालक घामाघूम होऊन यायचा, "मामा, चेन गेली वाटतं!" पण गाडी फाटकातून आत यायच्या आतच रज्जाकभाई गॅरेजातून ओरडायचा, "किसन्या, खडे काढ!" एकदा म्हणून एकदा फसला न्हाई.

ह्या उन्हाळ्यात एका कापडदुकानदाराच्या पोराची कार अशीच खडखडत आली. मी कान टवकारून तयार. रज्जाकभाई उठला. बॉनेट उघडलं. पेचकस कानाला लावला. लय वेळ लावला. मग पोराला म्हणला, "खोलून बघावं लागल."

मी चाकापाशी बसलो. टोपी काढली, खडे खिशात टाकले. त्या दिवशी मला हसू आलं न्हाई, राव.

*

मग आमी दोघांनी गुपचूप खुणा ठरवल्या, त्याच्या कानाचं काम माझ्या बोटांनी. गाडी आली की मी त्याच्यासमोर उभा. अंगठा वर म्हणजे इंजिन चालू. मूठ म्हणजे बंद. खळखळ असली की बोटं हलवायची, टकटक असली की एकच बोट ठोकायचं. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला कंपवात झालाय! चांगलं चाललं होतं.

पण एका दुपारी मी पाणी प्यायला गेलो. रज्जाकभाई एका चालू गाडीत बसला आन त्यानं पुन्हा चावी मारली. कर्रर्रर्र! चालू इंजिनाला स्टार्टर मारला की कसा दात खातो, ऐकणाऱ्याच्याच हिरड्या दुखतात. त्याचा पोरगा सलीम, गॅरेज आता तोच बघतो, धावत बाहेर आला. "अब्बा! गाडी चालूच हाय!"

रज्जाकभाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आन काय झालं ते वळखलं. पण मिस्त्री तो! शांतपणे म्हणला, "म्हाईताय मला. जरा जास्त चालू करायलोय!"

*

सलीमनं त्याला परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कानातलं कायतरी हाडूक आखडलंय म्हणले. ऑपरेशनला म्हातारा तयार होईना, मग कानात मशीन आलं. मशीन बॉनेटखाली गेलं की आपोआप शिट्टी मारायचं! कुई... कुई... एक गिऱ्हाईक घाबरून म्हणलं, "मिस्त्री, पट्टा गेलाय का हो? तुमी वाकलं की वाजतो, तुमी सरळ झालं की थांबतो!"

रज्जाकभाईनं मशीन काढून पान्ह्यांच्या ट्रेत टाकलं. अजून तिथंच हाय. लय दिवसांनी गॅरेजात एक नवी वस्तू आली होती.

*

शेवटी सलीमनं सगळ्यांसमोर सांगितलं. पोरगं वाईट न्हाई, डोळे भरून आलते त्याचे. "अब्बा, बास झालं. एक आवाज चुकला तर लोकाचं इंजिन जातं, आन तुमचं नाव पण जातं. उद्यापासून घरी आराम करा."

रज्जाकभाई एकेक पान्हा पुसून ठेवत बसला. जन्मभर बॉनेटखाली मान घातलेला माणूस खाटेवर पडून छत बघणार. आन मला किसन्या म्हणणारं दुसरं कोण उरलंय? बाकी सगळ्यांचा मी मामा.

तेवढ्यात श्रीरंग मुकादमाची जीप आली. टोळी घेऊन निघायचं होतं आन इंजिन वाजायलं होतं. सलीमनं ऐकलं. "चेनच हाय. पुढचं सगळं खोलावं लागल."

रज्जाकभाई उठला. पेचकस घेतला, कानाला लावला, काढला. दुसऱ्या कानाला लावला, काढला. मग पेचकसाची मूठ सदऱ्याला पुसली आन दातात धरली. टोक इंजिनाला टेकवलं, डोळे मिटले. पुढून मागं, मागून पुढं सरकत राहिला. मुकादम मला हळूच म्हणला, "मिस्त्रीला भूक लागली का काय?"

रज्जाकभाईनं पेचकस तोंडातून काढला. "चेन न्हाई. वर कॅम झिजलाय. मागच्या अंगाला."

वरचं झाकण खोललं. कॅमशाफ्टवरचा मागचा एक उंचवटा पार सपाट झालेला! कानानं न्हाई, दाताच्या हाडातनं ऐकलं होतं गड्यानं.

सलीम माझ्याकडं वळला. "मामा, तुमीच बोटांनी सांगितलं न्हवं?"

"आईची आन! हात खिशात होते माझे!"

"तुमच्या आनेवर गंगाखेडात कोण इस्वास ठेवतं, मामा?"

खरं होतं ते. जन्मभर सगळ्यांना फसवल्यावर एक दिवस खरं बोलायची पाळी येते, आन तेव्हाच कोणी ऐकत न्हाई. मला लय थकल्यासारखं झालं. सलीमच्या कारच्या मागं सावली होती, तिथं जाऊन जरा वेळ बसलो.

संध्याकाळी सलीमनं अब्बाला कारमध्ये बसवलं. रज्जाकभाईनं सगळी हत्यारं सोडली, पेचकस तेवढा सोडला न्हाई. मूठ दातात, टोक डॅशबोर्डला टेकवलेलं, आन नजर सरळ समोर. सलीमनं तोंड दुसरीकडं वळवलं आन गाडी सोडली.

गाडी फाटकापर्यंत गेली आन थांबली. काच खाली आली. रज्जाकभाईनं पेचकस तोंडातून काढला, मान बाहेर घातली आन सगळ्या गॅरेजाला ऐकू जाईल असा ओरडला,

"किसन्या! मागच्या चाकातले खडे काढ!"